फोनवरचा छळ आणि नराईलची मुले

मंडळी, मोबाईल आता घरोघर आला आहे. त्यावर कांद्याचा भाव कळतो. पावसाचा अंदाज कळतो. पुण्या-मुंबईला राहणारा मुलगा त्यावर दिसतो आणि बोलतोही. मुलांचा अभ्यास पुष्कळसा त्यावर होतो. सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण विळा गवत कापतो, तसा बोटही कापतो. मोबाईलचे तसेच आहे. त्याच मोबाईलवरून एखाद्या मुलाला रोज चिडवतात. एखाद्या मुलीचा फोटो घेऊन त्यावर घाणेरडे लिहितात. तिच्या नावाने खोटे खाते उघडतात. तिला धमकी देतात. वर्गाच्या ग्रुपमधून एखाद्यालाच काढून टाकतात आणि मागे त्याला हसतात. कोणाच्या रंगावर, कोणाच्या जातीवर, कोणाच्या गरिबीवर टवाळी चालते. हे एकदा होऊन थांबत नाही. पुन्हा पुन्हा होत राहते. इंग्रजीत याला 'सायबर बुलिंग' म्हणतात. आपण त्याला फोनवरचा छळ म्हणू.

थट्टा वेगळी आणि छळ वेगळा. थट्टेत दोघेही हसतात. छळात एक हसतो आणि दुसरा रडतो. 'पुरे' म्हटले की थट्टा थांबते. छळ थांबत नाही. ही खूण ध्यानात ठेवा.

हा छळ वेगळा कसा?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पोरं एकमेकांना चिडवायचीच. आमच्या वेळीही चिडवत होती. त्यात नवल ते काय?"

तुमचे म्हणणे खरे आहे. माझी सारी नोकरी शाळेत गेली. शाळेच्या भिंतीवर पोरे कोळशाने काहीबाही लिहीत. शिपाई ओले फडके फिरवी, की ते जाई. लिहिणारा कोण, ते अक्षरावरून ओळखू येई. आणि शाळा सुटली की चिडवलेले पोर घरी आईजवळ जाई. तिथे त्याला कोणी छळत नसे.

मोबाईलवर या तिन्ही गोष्टी उलट झाल्या आहेत.

पहिली गोष्ट, लिहिलेले पुसता येत नाही. एका मोबाईलवरचा फोटो घटकाभरात शंभर मोबाईलांवर जातो. एकाने पुसला, तरी नव्याण्णव उरतात. सहा महिन्यांनी तोच फोटो पुन्हा वर येतो.

दुसरी गोष्ट, लिहिणारा दिसत नाही. खोटे नाव, खोटा फोटो लावून तो लिहितो. मग छळ सोसणाऱ्या मुलाला वर्गातल्या प्रत्येकाचा संशय येऊ लागतो. शेजारी बसणारा मित्रच हे करत असेल का, असे त्याला वाटते. त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट, घरीही सुटका नाही. पोर अंथरुणावर पडले तरी उशाशी मोबाईल वाजत असतो. रात्री अकराला मेसेज येतो. बाराला येतो. आईबाप पलीकडे झोपलेले असतात. त्यांना पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. समोरासमोर कोणाला दुखावले, तर त्याचे डोळे भरून आलेले दिसतात. मग दुखावणाऱ्याच्या मनातही काही हलते. मोबाईलवर डोळे दिसत नाहीत. म्हणून तिथे बोलणाऱ्याची जीभ फार सैल सुटते.

हे फक्त एकट्या-दुकट्याच्या वाट्याला येते असेही नाही. युनिसेफ ही जगभर मुलांसाठी काम करणारी संस्था. तिने २०१९ साली ३० देशांतल्या १ लाख ७० हजारांहून अधिक तरुण मुलामुलींना याबद्दल विचारले. तिघांपैकी एकाने सांगितले की, आमचा असा छळ झाला आहे. पाचांपैकी एकाने सांगितले की, त्यापायी आम्ही शाळा बुडवली.

मनावर काय परिणाम होतो?

पायाला काटा लागला तर पोर लंगडते. ते आपल्याला दिसते. मनाला लागलेले दिसत नाही. पण त्याच्या खुणा असतात. त्या ओळखायला शिकले पाहिजे.

पोराला झोप लागत नाही. जेवणावरून ते लवकर उठते. पोटात दुखते, डोके दुखते, असे रोज सकाळी शाळेच्या वेळी सांगते. डॉक्टरांना दाखवले तर काही सापडत नाही. पोर खोटे बोलत नसते. मनातली भीती पोटात दुखू लागते, हे खरे आहे.

चांगले शिकणारे पोर एकाएकी मागे पडते. खेळायला जात नाही. मोबाईल वाजला की दचकते. कोणी जवळ आले की पटकन मोबाईल पालथा घालते. लहानसहान गोष्टीवर चिडते, नाहीतर तासन् तास गप्प बसते.

हे फार दिवस चालले, म्हणजे मन आतून खचते. 'माझ्यातच काही खोट आहे' असे पोराला वाटू लागते. सगळे गाव आपल्याला हसते, असे वाटते. पुढे पुढे जगण्यात अर्थ नाही, असा विचारही येऊ शकतो. माणूस जीव द्यायला निघतो, त्यामागे बहुधा एकच कारण नसते. पण सततचा छळ आणि कोणालाच सांगता न येणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका वाढतो. हा धोका लहान समजू नका.

मुले सांगत का नाहीत?

आपल्याला वाटते, एवढे होत होते तर पोराने सांगायला नको होते का?

पोर सांगत नाही, याला कारणे आहेत. पहिले कारण, घरातून मोबाईल काढून घेतील ही भीती. म्हणजे मार खाल्ला त्यानेच आणि शिक्षाही त्यालाच. दुसरे कारण, दोष आपल्यावर येईल ही भीती. "तू फोटो काढलासच कशाला?" हे पहिले वाक्य घरात ऐकू येते. मुलींना तर याहून मोठी धास्ती असते. शाळा बंद करतील, घाईने लग्न लावून देतील, असे त्यांना वाटते. तिसरे कारण, लाज. घाणेरडा मेसेज बापाला कसा दाखवायचा? चौथे कारण असे की, आईबापांना मोबाईलमधले कळत नाही, मग सांगून उपयोग काय, असे मुलांना वाटते.

म्हणून पोर तोंड मिटून सोसते. छळणाऱ्याला नेमके हेच हवे असते. पोर जितके गप्प, तितके त्याचे फावते.

मग या मुलांनी सांगावे तरी कोणाला? शेजारच्या देशातल्या काही मुलांनी यावर स्वतःच वाट काढली. ती कशी, ते आता ऐका.

नराईलची मुले

बांगलादेश हा आपला शेजारी देश. त्याच्या नैर्ऋत्य भागात नराईल नावाचा जिल्हा आहे. चित्रा नदीकाठचा हा मुलूख. बांगलादेशच्या क्रिकेट संघाचा कर्णधार राहिलेला मशरफी मुर्तझा याच जिल्ह्यातला. तिथेही आपल्यासारखेच झाले. मुलांच्या हाती मोबाईल आला. पण त्यातल्या संकटात कोणाकडे जावे, ते कोणी सांगितले नाही.

त्या जिल्ह्यात सादत रहमान नावाचा शाळकरी मुलगा राहत होता. एके दिवशी त्याला एक बातमी कळली. त्याच्याच देशातल्या १५ वर्षांच्या एका मुलीने फोनवरच्या छळाला कंटाळून जीव दिला होता. ती बातमी त्याच्या मनातून जाईना. अशा किती मुली आणि मुले आतल्या आत सोसत असतील, आणि त्यांना सांगायला जागाच नसेल, असे त्याला वाटू लागले.

तो नुसता हळहळत बसला नाही. त्याने आपल्याच वयाची मुले गोळा केली. त्यांनी मिळून मोबाईलवर चालणारे एक साधन तयार केले. अशा साधनाला 'ॲप' म्हणतात. त्याचे नाव त्यांनी 'सायबर टीन्स' ठेवले. २०१९ साली ते सुरू झाले.

त्याचे काम कसे चालते? ज्याचा छळ होत असेल, त्याने त्या ॲपवर आपली हकीकत लिहायची. ती गुप्त राहते. गावात बभ्रा होत नाही. ती हकीकत सादतच्या सोबतची तरुण मुले वाचतात. मन खचलेल्या पोराला धीर देण्यासाठी समाजसेवकांची मदत घेतात. गुन्हा झाला असेल, तर मामला पोलिसांकडे नेतात. म्हणजे मूल एकीकडे आणि पोलीस दुसरीकडे, यांच्यामध्ये एक विश्वासाचा दुवा तयार झाला. ज्या मुलीला एकटीने ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य नव्हते, तिला हाताशी धरणारे कोणी मिळाले.

एवढ्यावर ही मुले थांबली नाहीत. ती शाळाशाळांतून गेली. मोबाईल सांभाळून कसा वापरावा, छळ झाला तर काय करावे, ते त्यांनी इतर मुलांना शिकवले. शाळांतून त्यासाठी क्लब काढले. मोठ्या माणसाने सांगितलेले पोरे या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडतात. आपल्याच वयाच्या मुलाने सांगितलेले मात्र त्यांच्या मनाला लागते.

२०२० सालापर्यंत छळ झालेल्या ३०० हून अधिक मुलामुलींना या कामातून मदत मिळाली होती. पोलिसांनी ८ छळणाऱ्यांना पकडलेही होते.

नेदरलँड देशातली किड्सराइट्स ही संस्था दर वर्षी जगातल्या एखाद्या मुलाला शांततेचे पारितोषिक देते. २०२० साली ४२ देशांतून १४२ मुलांची नावे आली होती. त्यांतून सादतची निवड झाली. त्या वेळी तो १७ वर्षांचा होता. १३ नोव्हेंबर २०२० रोजी मलाला युसुफझाई हिच्या हस्ते त्याला हे पारितोषिक मिळाले. मुलींच्या शिक्षणासाठी बोलली म्हणून जिला गोळी लागली आणि तरी जी हटली नाही, तीच ही पाकिस्तानची मलाला. तेव्हा करोनाची साथ होती. म्हणून मलाला त्या समारंभाला दुरूनच, पडद्यावरून हजर होती.

मंडळी, या हकीकतीत पारितोषिकापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. सादत कोणी अधिकारी नव्हता, वकील नव्हता, डॉक्टर नव्हता. त्याने एकच केले. ज्याला सांगता येत नव्हते, त्याला सांगायला एक जागा करून दिली. पुढचे काम पोलिसांनी आणि समाजसेवकांनी केले.

पाठवण्याआधी थांब

छळ सोसणाऱ्याचे आपण पाहिले. आता छळणाऱ्याचेही पाहू. तोही पुष्कळदा पोरच असतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात त्रिशा प्रभू नावाची भारतीय वंशाची मुलगी होती. २०१३ साली ती १३ वर्षांची होती. तिनेही अशीच एक बातमी वाचली. तिने विचार केला, छळ झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होण्याआधीच थांबवता येईल का? तिने 'रीथिंक' नावाचे साधन तयार केले. रीथिंक म्हणजे पुन्हा विचार कर. मुलाने मोबाईलवर कोणाला लागेल असे काही लिहिले, की हे साधन त्याला विचारते, "हे लिहिलेले दुसऱ्याला दुखवील. खरेच पाठवायचे आहे का?" तिच्या चाचणीत असे विचारल्यावर १०० पैकी ९३ वेळा मुलांनी पाठवण्याचा विचार बदलला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बहुतेक मुले मनाने दुष्ट नसतात. ती अविचारी असतात. घटकाभर कोणी थांबवले, तर थांबतात. आपले पोर दुसऱ्याला छळते असे कळले, तर त्याला झोडपू नका. मार खाल्लेले पोर तो राग आणखी दुबळ्यावर काढते. त्याला जवळ बसवा. "तुझ्या बहिणीबद्दल कोणी असं लिहिलं तर?" असे विचारा. लिहिलेले त्याच्याच हाताने काढायला लावा आणि क्षमा मागायला लावा.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. आपण मोठी माणसेही गावाच्या ग्रुपवर कोणाकोणाची टवाळी करतो. एखाद्या घरच्या सुनेबद्दल, एखाद्या जातीबद्दल काहीबाही पुढे ढकलतो. पोरे ते पाहतात. आडात असते तेच पोहऱ्यात येते.

आपण काय करावे?

आपल्या घरात असे काही झाले, तर पुढील गोष्टी करा.

१. पोर सांगू लागले, की आधी सगळे ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. मग म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आपण मिळून बघू." एवढ्याने निम्मे ओझे उतरते.

२. मोबाईल हिसकावून घेऊ नका. तसे केले तर पोर पुन्हा कधी सांगणार नाही. रात्री मात्र सर्वांचेच मोबाईल एका फळीवर ठेवण्याची घरात रीत पाडा. आपलाही ठेवा.

३. छळाचे मेसेज लगेच पुसू नका. तो पुरावा आहे. पडद्यावर जे दिसते त्याचा फोटो काढून ठेवता येतो. त्याला 'स्क्रीनशॉट' म्हणतात. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव किंवा नंबर त्यात यावा. पण लहान मुलामुलीचा अश्लील फोटो असेल, तर तो पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. मोबाईल थेट पोलिसांना दाखवा.

४. उलट उत्तर देऊ नका. त्याने भांडण वाढते. पुरावा ठेवला, की त्या माणसाला 'ब्लॉक' करा. ब्लॉक करणे म्हणजे त्याची वाट बंद करणे.

५. छळणारा शाळेतला असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा.

६. गुन्हा असेल तर तक्रार करा. भारत सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार देता येते. स्त्रिया आणि मुले यांच्याविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. आपली हद्द नाही, असे सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही.

कायदाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. कोणाच्या खासगी अंगाचा फोटो त्याच्या संमतीवाचून काढला किंवा पसरवला, तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांची अश्लील चित्रे पसरवली, तर पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी फक्त पुढे पाठवलं' ही सबब चालत नाही. पुढे पाठवणे म्हणजेच पसरवणे.

७. पोर फार उदास असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोराला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारी फोन आहे. त्याचे नाव टेलि-मानस. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हा फोन आहे. जिवाचा धोका वाटला तर ११२ लावा. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना?

हे झाले घरातले. गावातल्या तरुण मुलामुलींनाही काम आहे. छळणारा एक असतो, हसणारे दहा असतात आणि गप्प पाहणारे पन्नास असतात. त्या पन्नासांपैकी एकाने जरी ग्रुपवर लिहिले, "हे बरं नाही, काढून टाक," तरी फरक पडतो. तेवढे धैर्य नसेल, तर ज्याचा छळ झाला त्याला भेटून म्हणावे, "मी तुझ्या बाजूला आहे." आणि एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगावे. याला पैसा लागत नाही, ॲपही लागत नाही.

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, अशी म्हण आहे. बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नसेल. पण ज्याला ते बोलणे लागले, त्याचा हात तर धरता येतो. आपल्या घरातले पोर आज गप्प गप्प असेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा. त्याच्याजवळ जाऊन बसा. पुस्तक उद्या वाचता येईल.

विचार करा आणि वर्गात बोला

१. थट्टा आणि छळ यांत फरक काय?

२. मुले घरात का सांगत नाहीत? आपल्या घरातले पोर सांगेल का?

३. नराईलच्या मुलांनी काय केले? त्यांतले आपल्या गावात काय करता येईल?

४. १४४१६, १०९८ आणि ११२ हे आकडे आपल्या हाताने कागदावर लिहा. घरात सर्वांना दिसेल अशा जागी तो कागद लावा.